तापाचे मूळ गोठ्यात : माणसाच्या रोगाचा माग जनावरापर्यंत कसा काढतात

स्मरणिकेच्या पानांत आठवणी असाव्यात अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि त्या या अंकात पुष्कळ आहेत. आम्ही विज्ञान शिकविणारे शिक्षक आहोत. आमच्या वाट्याला आलेली पाने आम्ही एका पाठासाठी वापरीत आहोत. हा पाठ क्रमिक पुस्तकात नाही. तो सुचला वसतिगृहाच्या प्रवेश-अर्जावरून. त्या अर्जात मुलाचे लसीकरण, पूर्वीचे आजार, रक्तगट, पालकांचा व्यवसाय असे सारे रकाने आहेत. व्यवसायापुढे बहुधा 'शेतमजुरी', 'ऊसतोड', 'शेती व दूधधंदा' असे लिहिलेले असते. मात्र घरी कोणती जनावरे आहेत आणि गेल्या काही महिन्यांत त्यांना काय झाले, हे आम्ही इतक्या वर्षांत एकाही पालकाला विचारले नाही. सुट्टीवरून परतलेले मूल तापाने फणफणले की आम्ही डासांची, पाण्याची, बाहेरच्या खाण्याची चौकशी करतो. गोठ्याची करीत नाही.

आणि आपला अहिल्यानगर जिल्हा तर गोठ्यांचाच जिल्हा आहे. संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगाव या पट्ट्यात संकरित गायींचा दूधधंदा, अकोल्याच्या डोंगरात डांगी गुरे, पठारावर मेंढरे हिंडविणारे धनगर, घोडेगावचा म्हशींचा बाजार, लोणी आणि काष्टी येथील जनावरांचे बाजार, हे सारे आपल्या परिचयाचे आहे. संगमनेरी शेळीने तर तालुक्याचे नाव देशभर नेले. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांच्या दारातही दोन शेळ्या असतात. आमच्या कित्येक मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे एखादे बोकड विकून आलेले आहेत. तेव्हा शेळी ही या मुलांची सोबतीण आहे, आणि सोबतिणीचे दुखणे सोबत्याला लागणे अशक्य नाही.

शेळीच्या दुखण्याचा माग काढण्याची जगातील सर्वांत बोधप्रद कथा भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर घडली. तेथे इंग्रजांच्या आरमाराचा आणि सैन्याचा तळ होता. सैनिकांना एक विचित्र ताप येई. तो चढे, उतरे, पुन्हा चढे. रात्री दरदरून घाम फुटे, सांधे व कंबर धरे. महिनोन्महिने माणूस कामातून जाई. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने मृत सैनिकांच्या प्लीहेतून या तापाचा जंतू वेगळा केला आणि १८८७ साली तो शोध प्रसिद्ध केला. रोगाला पुढे त्याचेच नाव मिळाले, ब्रुसेलोसिस. जंतू सापडला, पण तो माणसापर्यंत कोठून येतो हे पुढील अठरा वर्षे कळले नाही. धूळ, सांडपाणी, डास, समुद्राची हवा, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

१९०४ मध्ये या तापाच्या शोधासाठी एक आयोग नेमण्यात आला. त्यात माल्टाचेच रहिवासी असलेले थेमिस्टोक्लीस झामिट हे डॉक्टर होते. प्रयोगासाठी त्यांनी काही शेळ्या आणल्या. शेळीला हा रोग होत नाही, असा तोवरचा समज. १९०५ च्या जूनमध्ये त्यांनी जंतू टोचण्यापूर्वी सहज त्या शेळ्यांचे रक्त तपासले, तर बहुतेकींच्या रक्तात रोगाची खूण आधीच हजर होती. मग बेटावरील इतर शेळ्या तपासल्या. निम्म्याच्या आसपास शेळ्यांना लागण झालेली निघाली, आणि सुमारे दहांतील एक शेळी आपल्या दुधातून जिवंत जंतू बाहेर टाकीत होती. त्या काळी माल्टात शेळ्यांचे कळप रस्त्याने दारोदार फिरवीत आणि गिऱ्हाइकाच्या उंबऱ्याशीच धार काढून देत. दूध ताजे, भेसळ नाही, शेळी दिसायला धडधाकट. संशय घ्यावा तरी कशाचा? त्याच वर्षी माल्टाहून अमेरिकेकडे शेळ्या घेऊन निघालेल्या 'जोशुआ निकल्सन' या जहाजावरील खलाशांनी वाटेत त्या शेळ्यांचे दूध प्यायले आणि त्यांतले अनेकजण त्याच तापाने आजारी पडले. जणू समुद्रावर कोणी प्रयोगच मांडून दाखविला.

१९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि छावणीतील ताप झपाट्याने ओसरला. या कथेचा येथवरचा भाग सर्वत्र सांगितला जातो. आम्हांला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. दूधबंदी सैन्याला लागू होती. माल्टाची गोरगरीब रयत तेच दूध पीत राहिली आणि पुढची कित्येक दशके तापाने कण्हत राहिली. रोगाचे मूळ सापडले म्हणजे रोग सर्वांचाच सुटतो असे नाही. मूळ कोणासाठी शोधले आणि उपाय कोणाच्या दारापर्यंत नेला, हे पाहावे लागते.

आता हा रोग आपल्या गोठ्यात कसा दिसतो ते पाहू. गाय किंवा म्हैस सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते. वार वेळेवर पडत नाही. पुढे जनावर लवकर गाभण राहत नाही. पुन्हा गाभण राहिले तर पुष्कळदा विते, वासरूही जगते, आणि 'गेल्या खेपेला दृष्ट लागली होती' असे म्हणून घरचे लोक विसरून जातात. जंतू मात्र कासेत आणि गर्भाशयात टिकून असतो. गाभडलेला गर्भ, वार आणि त्या वेळचा स्राव यांत जंतूंची संख्या प्रचंड असते. शेळ्या-मेंढ्यांतील याच कुळातला जंतू माणसाला गायीच्या जंतूपेक्षा अधिक त्रास देतो.

आपल्याकडे दूध उकळून पिण्याची चाल आहे, हे आपले मोठे भाग्य. उकळलेल्या दुधात हा जंतू जगत नाही. तथापि 'धारोष्ण' दूध अंगी लागते, या समजुतीने मुलाला कासेखालून थेट पेला भरून देणारी घरे अजून आहेत. अशक्त लेकराला शेळीचे कच्चे दूध पाजणारी आजीही आहे. आजीच्या मायेविषयी आम्हांला शंका नाही, फक्त ते दूध एकदा चुलीवर चढू द्यावे. दुसरी वाट हातांची आहे, आणि आपल्या भागात ती अधिक वाहती असावी असे आमचे मत आहे. रात्री शेळी अडली की उघड्या हातांनी करडू ओढून काढणारी घरातली बाईच असते. तिच्या हाताला खुरप्याची चीर असते, विळ्याचा काप असतो. शेजारी कंदील किंवा मोबाइलचा उजेड धरून बसलेले मूल असते. पडलेली वार तोच मुलगा उकिरड्यावर नेऊन टाकतो.

त्यानंतर ताप येतो तो लगेच नव्हे. साधारण एक ते चार आठवड्यांनी येतो, क्वचित काही महिन्यांनीही. दिवाळीच्या सुट्टीत शेळी सोडविणारा मुलगा डिसेंबरात वसतिगृहात आजारी पडला, तर त्या दोन घटनांचा संबंध कोणाच्या ध्यानात येणार? डॉक्टर टायफॉइडचा, मलेरियाचा विचार करतात, कंबर दुखत असेल तर क्षयाचा करतात. ते चूक करतात असे आम्ही म्हणत नाही. त्यांना शेळीची हकिकत कोणी सांगितलेलीच नसते. येथे विद्यार्थ्यांना आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा रोग माणसाकडून माणसाला जवळजवळ लागतच नाही. म्हणून ब्रुसेलोसिसचा प्रत्येक रुग्ण हा एखाद्या जनावराकडे दाखविलेले बोट असतो. शहरातला रुग्ण असला तरी माग काढीत गेल्यास शेवटी एखादी कास किंवा एखादी वार सापडतेच.

बोट दाखविले जाण्यासाठी आधी रुग्ण ओळखला गेला पाहिजे. सोलापूरला लागून असलेल्या विजापूर येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी सोळा वर्षांतील आपल्या नोंदी २००६ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत ब्रुसेलोसिसचे ४९५ प्रौढ रुग्ण होते. विजापूरची गुरे आपल्या गुरांहून निराळी आहेत असे मानण्यास कारण नाही. तेथे तपासणी होत राहिली, म्हणून रुग्ण दिसले. उपचार अवघड नाहीत. दोन औषधे मिळून निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. पण आठ दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणाऱ्याचा ताप पुन्हा उलटतो.

महाराष्ट्रातच घडलेला दुसरा दाखला म्हशींचा आहे, आणि तो ऐकताना चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांनी आपला दंड चाचपून पाहावा. तेथे देवीच्या टोचणीचा वण असेल. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये झाला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त म्हणून जाहीर झाला, १९८० मध्ये सारे जग. टोचणी बंद झाली. आणि १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रात म्हशींच्या सडांवर फोड दिसू लागले आणि धार काढणाऱ्यांच्या हातांवरही तसेच फोड उठले. देवी परत आली की काय, ही धास्ती स्वाभाविक होती. म्हशींचे नमुने प्रयोगशाळेत गेले, आणि विषाणू देवीचा नसून देवीच्या लसीच्या घराण्यातला निघाला. त्याला म्हशींची देवी म्हणतात. सडावरचा फोड धारेच्या वेळी दाबला जातो, फुटतो, बोटावरच्या चिरेतून विषाणू आत शिरतो; आणि तीच बोटे पुढच्या म्हशीच्या सडाला लागली की विषाणू तिलाही पोचतो. माणूस येथे रोगी आहे आणि वाहकही आहे.

हा विषाणू म्हशींत आला कोठून, याचे उत्तर विलक्षण आहे. देवीची लस आपल्या देशात रेडकांच्या कातडीवर वाढवून तयार करीत असत. आपल्या मुलखाला लस पुरविणारी जुनी संस्था बेळगावला होती. ती लस कोट्यवधी दंडांवर टोचली गेली. टोचलेल्या दंडाची खपली पडण्याआधी तोच माणूस गोठ्यात धारेला बसत असे. लसीचा विषाणू माणसाच्या दंडावरून म्हशीच्या कासेला पोचला, तेथे रुजला आणि पिढ्या ओलांडून पुन्हा माणसाच्या बोटांवर आला, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. जनावराकडे माग काढीत जावे आणि तो आपल्याच दंडाशी येऊन थांबावा! वर्गात हा भाग सांगताना मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

२००९ मध्ये कोल्हापुरात हा रोग पुन्हा मोठ्या प्रमाणावर आला. त्या वेळी फोड म्हशींच्या सडांपुरते राहिले नाहीत, अंगभर उठले. काही जनावरे दगावलीही. वीसहून अधिक गावांतील शंभराहून अधिक माणसांना लागण झाली. ताप, हातावर फोड, काखेत गाठी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तेथे तपास केला. अशा तपासात जी पहिली विचारपूस होते ती कोणत्याही सुजाण शेतकऱ्याला करता येण्याजोगी असते. पहिला फोड कोणाला आला, जनावराला की माणसाला? किती दिवसांचे अंतर होते? फोड आलेली माणसे धार काढणारीच आहेत काय? ज्या घरात म्हैस नाही, त्या घरात रुग्ण आहे काय, आणि असल्यास तो कोणाच्या गोठ्यावर कामाला जातो? गेल्या महिन्यात नवी म्हैस कोणी, कोणत्या बाजारातून आणली? यानंतर प्रयोगशाळा येते. म्हशीच्या फोडातला आणि माणसाच्या फोडातला विषाणू एकच ठरला की साखळी जुळते.

हवेतून पसरणाऱ्या रोगात ही साखळी डोळ्यांना दिसत नाही. तेथे नकाशा कामी येतो. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात 'क्यू फीवर' या रोगाचे चार हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतील पुष्कळांनी शेळीला कधी हातही लावलेला नव्हता. एका साथीत रुग्णांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ज्या शेळीपालन केंद्रात शेळ्या गाभडत होत्या त्याच्या दोन किलोमीटरच्या आतील वस्तीत धोका पाच किलोमीटरपलीकडच्या वस्तीपेक्षा कितीतरी पट अधिक आढळला. वारेतील जंतू वाळून धुळीबरोबर वाऱ्यावर गेले होते. मग तेथे हजारो गाभण शेळ्या मारण्यात आल्या. श्रीमंत देशाला तो निर्णय परवडला, आणि तरीही तो फार उशिरा झाला अशी टीका तेथेच झाली.

आपल्याकडे असा मार्ग नाही. गायीची कत्तल आपल्या राज्यात कायद्याने बंद आहे. शेळी मारावी तर त्या घराची मिळकतच जाते. म्हणून व्यवहारात काय होते, ते आपण सगळे जाणतो आणि मोठ्याने बोलत नाही. गाय गाभडली, वार अडकली, दोन वेळा भरवूनही राहिली नाही की ती बाजाराचा रस्ता धरते. विकणारा सांगत नाही, घेणाऱ्याला विचारणे सुचत नाही, दलालाचा हात उपरण्याखाली बोटांनी भाव करतो. एका गोठ्यातला रोग तीन तालुके ओलांडून दुसऱ्या गोठ्यात पोचतो आणि माग बाजाराच्या धुळीत पुसला जातो. विकणाऱ्याला आम्ही दोष देऊन मोकळे होणार नाही. कर्ज काढून घेतलेली गाय तोट्यात गेल्यावर खरे बोलण्याची किंमत त्याने एकट्याने भरावी, ही अपेक्षा न्यायाची नाही.

माग टिकविण्याची साधने मात्र आता हाताशी आहेत. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला हा त्याचा कायमचा पत्ता आहे. तो कापून टाकू नये आणि विकताना नोंद बदलून घ्यावी. दूध संकलन केंद्रावर तर एका थेंबात माग सुरू होऊ शकतो. गायीच्या दुधात रंगविलेल्या मृत जंतूंचा थेंब मिसळून नळी ऊबेत ठेवतात. दुधात रोगाची खूण असेल तर वर येणाऱ्या सायीच्या थरावर निळसर कडे उमटते. आधी साऱ्या केंद्राचे एकत्र दूध, मग प्रत्येक गोठ्याचे, मग एकेका गायीचे रक्त, असे मागे मागे जात नेमकी गाय सापडते. हा प्रयोग आमच्या आठवीच्या मुलांनाही समजतो. गायी-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच टोचायची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे. ती जिवंत जंतूंची असल्याने पशुवैद्यकानेच टोचावी. शेळ्या-मेंढ्या या लसीकरणाच्या बाहेर आहेत. माल्टात ज्या प्राण्याने धडा दिला तोच प्राणी येथे गरिबाच्या दारात लसीवाचून उभा आहे, हे आम्हांला खटकते.

जनावरांचे रोग कोणाच्या वाट्याला यावेत, हे आपल्या समाजात दीर्घकाळ जातीने ठरविले होते. मेलेली ढोरे ओढणे हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या माथी मारलेले काम होते. ढोर कशाने मेले हे मालक सांगत नसे. फाशी रोगाने मेलेल्या जनावराच्या रक्तात, कातड्यात, मांसात काळपुळीचे जंतू असतात आणि त्यांचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. ज्यांनी ते ओढले, सोलले आणि भुकेपोटी खाल्ले, त्यांच्या हातावर काळी पुळी उठली तर ती त्यांच्या कर्माची समजली गेली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. त्या एका निर्णयाने कित्येक घरे रोगाच्या दाढेतूनही बाहेर आली असतील. त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. आज तेच काम कोण करतो, गोठ्यावर सालाने कोण राबतो, ऊसतोडीच्या फडावर बैलांशेजारी पाचटाच्या कोपीत कोण झोपतो, याचा विचार माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज डॉक्टर, पशुवैद्यक, आरोग्यसेवक आहेत त्यांनी करावा. तापाच्या रुग्णाला 'काय खाल्ले' एवढे विचारून थांबू नये; 'तुमच्याकडे काय व्यायले, काय गाभडले, काय मेले' हेही विचारावे.

मागाने निर्दोषही सुटतात, हे जाता जाता सांगितले पाहिजे. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गायींच्या अंगावरच्या गाठी पाहून अनेकांनी घरचे दूध बंद केले. लम्पी गुरांचा रोग आहे, तो माणसाला होत नाही. तरीही दूध उत्पादकांना अफवांना तोंड द्यावे लागले.

येत्या जूनपासून प्रवेश-अर्जात आम्ही एक रकाना वाढवीत आहोत. घरी गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबड्या यांपैकी काय आहे. गेल्या सहा महिन्यांत कोणते जनावर गाभडले, आजारी पडले वा मेले. आणि मुलाने त्याला हात लावला होता काय, एवढेच त्यात लिहावयाचे आहे. सुट्टीवरून मुलाला पोचवायला येताना हीच माहिती अधीक्षकांना तोंडी सांगितली तरी चालेल. शेळी गाभडली हे सांगण्यात कमीपणा नाही, आणि ही माहिती वसतिगृहाच्या नोंदवहीबाहेर बाजारात जाणार नाही, याची हमी आम्ही देतो. घरी शेळी विणार असेल तर हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी, वार चुन्यासह खोल पुरावी, हात साबणाने धुवावेत आणि लहानग्यांना तेवढा वेळ दूर ठेवावे. गाभडलेल्या जनावराची खबर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी; तेथून नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे तपासणीसाठी जाऊ शकतो. उत्तर येईपर्यंत त्या शेळीचे दूध वेगळ्या भांड्यात काढून उकळावे आणि ती बाजारात नेऊ नये.